भिंतीवरून खोक्यात : डहाणू-तलासरी परिसरातील वारली चित्र व नाजूक हस्तवस्तूंच्या बांधणी-पाठवणीचा इतिहास

सारांश

डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्यातील दोन तालुके वारली चित्रकलेची भूमी म्हणून ओळखले जातात. या चित्रकलेचा अभ्यास प्रामुख्याने तिच्या आकृतिबंधाच्या, विधींच्या व प्रतीकांच्या अंगाने झाला आहे. प्रस्तुत निबंधात तिच्याकडे वाहतुकीच्या अंगाने पाहिले आहे. भिंतीवरून न हलणारे चित्र कागदावर आले, चौकटीत बसले, परदेशी गेले आणि अखेर ऑनलाइन विक्रीच्या खोक्यात शिरले. या प्रत्येक टप्प्यावर चित्राचे द्रव्य, आकार व कर्ता बदलला. तसेच वाटेत वस्तू फुटली किंवा खराब झाली तर नुकसान कोणी सोसायचे, या प्रश्नाचे कायद्याने व व्यवहाराने दिलेले उत्तरही बदलत गेले. हे ओझे क्रमाक्रमाने वस्तू घडविणाऱ्याकडे सरकत आले आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वारली चित्रकला, लग्नचौक, जिव्या सोमा म्हसे, पॅकिंग, पार्सल, वाहकाचे दायित्व, ऑनलाइन विक्री.

१. प्रस्तावना

कोणत्याही हस्तकलेच्या इतिहासात कारागीर, साहित्य, आश्रयदाता व बाजारपेठ या घटकांची चर्चा होते. वस्तू कारागिराच्या घरातून ग्राहकाच्या घरी कशी गेली, ती कशात गुंडाळली होती, तिचे भाडे कोणी भरले आणि ती फुटली तेव्हा काय झाले, हे प्रश्न मात्र बहुधा किरकोळ मानले जातात. वस्तुतः दूरची बाजारपेठ असलेल्या कलेच्या बाबतीत हे प्रश्न मूलभूत ठरतात. जी वस्तू बांधता येते तीच दूर जाते. जी दूर जाते तीच प्रदर्शनात मांडली जाते, तिच्यावर लेखन होते आणि तिला किंमत येते. जी बांधता येत नाही ती जागच्या जागी राहते व विस्मरणात जाते.

वारली चित्रकला हे या विधानाचे उत्तम उदाहरण होय. आज मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहून दूरच्या शहरातील किंवा परदेशातील ग्राहक ते मागवू शकतो. ही सोय नवी वाटली, तरी तिच्यामागे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्याच्याही मागे या परिसरातून माल बाहेर पाठविण्याचा आणखी जुना इतिहास आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) वारली चित्र वाहतुकीस योग्य कसे बनले, याचे टप्पे निश्चित करणे.
(२) या प्रक्रियेत चित्राच्या द्रव्यात, आकारात व कर्त्यांत झालेल्या बदलांचा शोध घेणे.
(३) नाजूक वस्तूंच्या बांधणीची तत्त्वे या परिसरातील वस्तूंच्या संदर्भात मांडणे.
(४) वाहतुकीतील नुकसानीच्या दायित्वाविषयीच्या भारतीय कायद्यांचा ऐतिहासिक आढावा घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्यासाठी कला-इतिहासातील प्रकाशित माहिती व संबंधित कायद्यांतील तरतुदी आधारभूत मानल्या आहेत. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. चित्रापूर्वीची पाठवणी

गुजरातकडून येणारा लोहमार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत पूर्ण झाला. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या या मार्गाने डहाणूचा किनारपट्टा मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. जंगलपट्टीतील लाकूड व गवत या बाजारपेठेकडे जाऊ लागले. मुंबईतील गाई-म्हशींच्या तबेल्यांना गवताची मोठी गरज असे. कापलेले गवत दाबून त्याचे गठ्ठे बांधले जात व ते शहराकडे रवाना होत. पुढे घोलवड-डहाणूचा चिकू पेटी-करंड्यांतून दूरच्या शहरांत जाऊ लागला. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक निर्देशनही मिळाले. चिकू झाडावर पिकण्यापूर्वी, कठीण असतानाच काढतात व तो काढणीनंतर पिकतो. त्यामुळे तो प्रवास सोसतो. माल केव्हा, कोणत्या अवस्थेत व कशात भरावा याचे व्यावहारिक ज्ञान या भूमीत पूर्वीपासून होते, एवढे यावरून स्पष्ट होते.

परंतु या मालाच्या पाठवणीचा लाभ कोणाला मिळत होता, हाही प्रश्न तितकाच जुना आहे. २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला संघटित रूप आले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने चालविलेल्या या लढ्याच्या पुढच्या टप्प्यात गवत कापणीच्या मजुरीचा प्रश्न केंद्रस्थानी होता. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. शहराकडे जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यामागे कापणाऱ्याचा वाटा किती, हा त्या लढ्यातील एक मुख्य प्रश्न होता. पुढे चित्रे बाहेर जाऊ लागली तेव्हा तो निराळ्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला.

४. न हलणारे चित्र

वारली चित्राचे मूळ स्थान घराची आतील भिंत हे होय. कुडाच्या भिंतीला माती व शेण यांचा लेप देऊन त्यावर गेरू सारवला जाई. तांदळाच्या पिठाचे पांढरे द्रावण हा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. लग्नप्रसंगी सवाशिणी लग्नचौक काढत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवीची आकृती असे. लग्नविधीत धवलेरीची गाणी व सवाशिणींचे चित्रण ही दोन्ही कार्ये स्त्रियांकडे होती. चौक काढल्याखेरीज विवाहविधी पूर्ण होत नसे.

वाहतुकीच्या दृष्टीने पाहता या चित्राची तीन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले म्हणजे ते घराचाच भाग होते. भिंत मोडल्याशिवाय ते हलविता येत नव्हते. दुसरे असे की, त्याला टिकविण्याची अपेक्षाच नव्हती. चुलीचा धूर, पावसाळ्यातील ओल व पुन्हा होणारे सारवण यांत ते पुसट होई आणि पुढील प्रसंगी नवे चित्र निघे. तिसरे म्हणजे त्यावर स्वाक्षरी नसे, कारण ते एका व्यक्तीच्या नावे नव्हते, प्रसंगाच्या नावे होते. म्हणून या चित्राला ‘नाजूक’ म्हणणे तसे योग्य नाही. आपल्या जागी, आपल्या कालमर्यादेत ते पुरेसे भक्कम होते. नाजूकपणाचा प्रश्न ते जागेवरून हलविण्याचा विचार आला तेव्हाच निर्माण झाला.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ या कायद्याशी तुलना केल्यास ही बाब अधिक स्पष्ट होते. या कायद्यानुसार सामान्यतः १०० वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते व तिच्या निर्यातीवर निर्बंध येतो. सारवणाबरोबर पुसला जाणारा चौक १०० वर्षांचा होण्याचा संभवच नाही. म्हणजे परंपरा प्राचीन असूनही तिची मूळ कृती या संरक्षणाच्या कक्षेत येऊ शकत नाही. कागदावरील पहिली वारली चित्रे १९७० च्या दशकातील असल्याने तीही आज या व्याख्येबाहेर आहेत.

५. कागद : पहिले परिवर्तन

वारली चित्र भिंतीवरून उतरले ते १९७० च्या दशकाच्या आरंभी. अखिल भारतीय हस्तकला मंडळाशी संबंधित असलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी या परिसरात आले. त्यांनी आदिवासींना कागद व रंग पुरवून चित्रे काढण्यास प्रवृत्त केले. यामागे पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चाललेले हस्तकलांच्या पुनरुज्जीवनाचे कार्य होते. याच कुलकर्णी यांनी १९६६-६७ च्या दुष्काळाच्या काळात बिहारमधील मिथिला भागात जाऊन तेथील स्त्रियांना कागदावर भित्तिचित्रे काढण्यास प्रोत्साहन दिले होते.

या दोन प्रयोगांची तुलना उद्बोधक आहे. दोन्हीकडे चित्रण मूलतः स्त्रियांचे व विधीशी निगडित होते. दोन्हीकडे कागद आणणारी व्यक्ती व संस्था एकच होती. मिथिलेत सीतादेवी, गंगादेवी यांसारख्या स्त्रियाच कागदावरील चित्रांच्या नामवंत कर्त्या ठरल्या. डहाणू-तलासरीत मात्र कागदाबरोबर पुरुषांची नावे पुढे आली. त्यांत अग्रगण्य नाव जिव्या सोमा म्हसे यांचे. त्यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला व पुढील आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यात गेले. लग्नविधीच्या बंधनातून मुक्त झालेल्या चित्रात त्यांनी मासेमारीचे जाळे, शेतीची कामे, मुंग्यांची वारुळे, लोककथा असे विषय आणले व चित्राला अपूर्व गतिमानता दिली. त्यांची प्रतिभा निर्विवाद होय. तथापि भिंतीवरचा चौक हलत नव्हता व कागद हलत होता, या साध्या भेदाचा परिणाम कर्तृत्वाच्या वाटणीवरही झाला, हे नोंदविणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे. विधी घरात राहिला व त्याबरोबर सवाशिणीही राहिल्या. चित्र घराबाहेर पडले तेव्हा ते स्वाक्षरी करणाऱ्याच्या नावाने पडले.

कागदाने द्रव्याचाही प्रश्न उभा केला. तांदळाच्या पिठाचा रंग भिंतीच्या खरबरीत पृष्ठभागावर धरतो. कागदाला घडी पडली की तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून त्यात डिंक मिसळण्याची व पुढे तयार पांढरा रंग वापरण्याची पद्धत आली. कागदावर वा कापडावर शेणाचा किंवा गेरूचा हात देऊन भिंतीचा आभास निर्माण केला जाऊ लागला. म्हणजे भिंत मागे राहिली, पण तिचा पातळ थर चित्राबरोबर प्रवासाला निघाला. आरंभीच्या तपकिरी कागदाची आणखी एक मर्यादा अशी की, असा कागद आम्लयुक्त असल्याने काळाबरोबर ठिसूळ होतो. त्या काळातील चित्रे आज संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान आहेत आणि हाताळणीच्या दृष्टीने सर्वांत नाजूकही आहेत.

६. चौकट आणि परदेश

जिव्या सोमा म्हसे यांचे पहिले प्रदर्शन १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत झाले. या गॅलरीचे संस्थापक केकू गांधी यांचा मूळ व्यवसाय चित्रांच्या चौकटी तयार करण्याचा होता. १९४१ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या व्यवसायातून १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या इमारतीत गॅलरी उभी राहिली. वारली चित्र शहरात प्रथम मांडले गेले ते चौकटी बनविणाऱ्या घराण्यात, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. चौकट ही चित्राची शोभा असते तशीच ती त्याची कायमची बांधणीही असते. काच धुळीपासून व हाताच्या स्पर्शापासून वाचविते, पाठीमागचा पुठ्ठा वाकण्यापासून वाचवितो. मात्र काचेची चौकट दूरच्या प्रवासात स्वतःच धोका बनते. फुटलेली काच प्रथम चित्रालाच कापते.

१९७६ साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस येथे भरलेल्या ‘मॅजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा व मिथिलेच्या बौआ देवी यांचा समावेश होता. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांची चित्रे मांडली गेली. दगड, माती व चालण्याच्या खुणा यांतून त्या त्या जागी कलाकृती रचणे ही लाँग यांची रीत. त्यांची अशी रचना जागीच राहते व तिचे छायाचित्र प्रवास करते. तिच्या जागेशी असलेल्या नात्याला आधुनिक कलेने तत्त्व म्हणून मान्यता दिली. लग्नचौकाचे घराशी असलेले नाते याच जातीचे होते, पण ते तत्त्व म्हणून मान्य होण्याआधीच चौकाचे चित्र बांधून बाहेर नेले गेले होते.

म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. २०१२ साली भारतीय डाक विभागाने वारली चित्रकलेवर टपाल तिकीट काढले. २०१४ साली या कलेला भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. पाकिटावरून देशभर फिरू शकणाऱ्या तिकिटाएवढ्या आकारात हे चित्र आले, ही त्याच्या वाहतुकीच्या इतिहासातील एक परिसीमाच म्हणावी लागेल.

७. ऑनलाइन विक्री व बांधणीचे तंत्र

प्रदर्शनासाठी जाणाऱ्या चित्राची बांधणी संग्रहालय वा गॅलरी करते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या चित्राची बांधणी बहुधा विक्रेत्यालाच करावी लागते व अनेकदा चित्रकार हाच विक्रेता असतो. २०१६ नंतर स्वस्त मोबाइल इंटरनेट व यूपीआय यांचा प्रसार झाला. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीने प्रदर्शने व हस्तकला बाजार बंद पडले, तेव्हा हा मार्ग अधिकच महत्त्वाचा ठरला. २०२२ साली डाक विभागाने डाकघर निर्यात केंद्रांची योजना आणली. तिच्यामुळे टपाल कार्यालयातूनच परदेशी पार्सलाची सीमाशुल्क-प्रक्रिया सुलभ झाली.

या परिसरातून जाणाऱ्या वस्तूंचे बांधणीच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात.

(अ) कागदावरील व कापडावरील चित्रे : मोठे चित्र घडी न घालता गुंडाळून पाठवावे लागते. ते गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवणे योग्य. आत ठेवल्यास रंगाचा थर दाबला जाऊन चुरगळतो व सुटतो. नळी जितकी रुंद तितका ताण कमी. चित्राला लागून आम्लरहित कागद असावा. वर्तमानपत्राची शाई चित्रावर उतरते. बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट रंगावर ठेवल्यास उष्णतेत त्याचे वळ उमटतात, म्हणून ते बाहेरच्या आवरणासाठीच वापरावे. तांदळाचे पीठ हे बुरशी व कसर यांचे खाद्य होय. किनारपट्टीच्या पावसाळ्यात चित्र पूर्ण वाळवून, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी घालून, बाहेरून जलरोधक आवरण देणे अपरिहार्य ठरते.

(आ) मातीची रंगविलेली भांडी व पणत्या : भाजलेली माती दाब बऱ्यापैकी सोसते, पण ताण व आघात सोसत नाही. म्हणून बांधणीचे सूत्र असे की, आघात अधिक क्षेत्रावर व अधिक वेळात पसरावा. भांड्याची पोकळी चुरगळलेल्या कागदाने भरावी, काठ व कान स्वतंत्रपणे गुंडाळावेत, भोवती किमान ५ सेंटीमीटर गादी ठेवून खोक्यात बसवावे व ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात तितक्याच गादीसह ठेवावे. हलवून पाहिल्यास आतून आवाज येता कामा नये. शहाबादी फरशीवर माठ ठेवताना आपण खाली चुंबळ ठेवतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. भाताच्या पेंढ्याची गादी हे आपल्याकडील जुने साधन. तथापि त्यात ओल व कीड राहू शकते आणि परदेशी पाठवणीत वनस्पतिजन्य पदार्थांवर निर्बंध येतात. त्यामुळे त्याची जागा कागदाने घेतली आहे.

(इ) तारपा व तत्सम वस्तू : तारपा हे वाद्य सुकविलेला दुधी, बांबू, ताडाची पाने व मेण यांपासून बनते. दुध्याचे कवच पातळ असते व मेणाने जोडलेले सांधे उन्हाळ्यात तापलेल्या वाहनात मऊ होतात. अशा वस्तूला सर्व बाजूंनी सारखा आधार लागतो. केवळ भक्कम खोके पुरत नाही.

हे सर्व तंत्र कठीण नाही, परंतु ते महाग आहे. याचे कारण भाडे-आकारणीच्या पद्धतीत आहे. बऱ्याच कुरिअर सेवा प्रत्यक्ष वजन व आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे आकारतात. लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटीमीटरमधील गुणाकार ५००० ने भागून हे वजन किलोग्रॅममध्ये काढण्याची रीत प्रचलित आहे. १५ सेंटीमीटर व्यासाचे व तितक्याच उंचीचे एक रंगविलेले भांडे घेऊ. वरील नियमानुसार आतील खोके २५ सेंटीमीटरचे व बाहेरील ३५ सेंटीमीटरचे होईल. ३५ चा घन ४२,८७५. त्याला ५००० ने भागल्यास सुमारे ८.६ किलोग्रॅम येतात. भांडे मात्र एखादा किलोही भरणार नाही. याउलट ९० सेंटीमीटर लांबीची व १० सेंटीमीटर व्यासाची चित्राची नळी १.८ किलोग्रॅम मोजली जाते आणि ए-फोर आकाराचे चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाकिटात जाते.

या गणिताचा परिणाम कलेवर होतो. भांडे, तारपा, मोठे कापडी चित्र यांपेक्षा लहान सपाट चित्र विकणे परवडते. चौक हा मूळचा भिंतभर आकार. तो पाकिटात मावणाऱ्या आकारात आला, यामागे ग्राहकाची रुची आहे तसाच वाहतूकदाराचा भागाकारही आहे. छापील वारली नक्षीचे पडदे, पिशव्या व कप हे कारखान्यात बनतात, मोठ्या संख्येने जातात व एखादा फुटला तर सहज बदलून देता येतो. हाताने काढलेले एकमेव चित्र बदलून देता येत नाही. म्हणून नक्कल प्रवासात नेहमीच अस्सलापेक्षा बळकट ठरते.

८. नुकसानीचे दायित्व : कायद्यांचा आढावा

वाटेत वस्तू फुटल्यास नुकसान कोणाचे, या प्रश्नाला भारतीय कायद्याने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

वाहक अधिनियम, १८६५ अन्वये सार्वजनिक वाहकावर मालाची मोठी जबाबदारी होती. परंतु त्याच्या अनुसूचीतील १०० रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूंचे मूल्य व वर्णन आधी जाहीर केले नसेल तर वाहक त्यांच्या हानीस जबाबदार राहत नसे. काच, चिनी माती, कलाकृती, कलात्मक मृद्‍भांडी व वाद्ये यांचा या अनुसूचीत समावेश होता. म्हणजे नाजूकपणा व कलामूल्य ही दोन्ही वाहकाच्या दृष्टीने अपवादाची कारणे होती. या कायद्याची जागा पुढे २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याने घेतली.

टपालाबाबत भारतीय डाकघर अधिनियम, १८९८ च्या कलम ६ ने शासनाला टपालातील वस्तू हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, विलंब होणे वा खराब होणे यांच्या दायित्वातून सामान्यतः मुक्त ठेवले. स्पष्ट शब्दांत स्वीकारलेले दायित्व एवढाच अपवाद. विमा उतरविलेले पार्सल हा त्यावरील मार्ग होता. २०२३ चा नवा डाकघर अधिनियम १८ जून २०२४ पासून अंमलात आला. त्यातही दायित्वाची ही सर्वसाधारण मर्यादा कायम आहे.

मालविक्री अधिनियम, १९३० ने विक्रेता व ग्राहक यांच्यातील संबंध निश्चित केला. कलम ३९ नुसार, करारानुसार माल वाहकाच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रथमदर्शनी तो ग्राहकाच्या स्वाधीन करणेच होय. मात्र विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार केलेला असावा. मालाची मालकी ज्याच्याकडे जाते, जोखीमही सामान्यतः त्याच्याकडे जाते, हे कलम २६ चे तत्त्व आहे. या चौकटीत नीट बांधून पाठविणाऱ्या कारागिराची जबाबदारी बऱ्याच अंशी आपल्या दारातच संपू शकत होती.

१८७७ साली सुरू झालेल्या व्हीपी पद्धतीने टपालखात्याने वस्तू पोचती करून किंमत वसूल करण्याची सोय केली. ग्राहकाने पार्सल नाकारल्यास ते परत येई. या पद्धतीत परतीची जोखीम विक्रेत्यावर होती. वस्तू मिळाल्यावर पैसे देण्याची ऑनलाइन व्यापारातील प्रथा हा तिचाच नवा अवतार होय.

कुरिअर सेवांविषयी भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल वर्ल्डवाइड एक्सप्रेस या १९९६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पावतीवरील मर्यादित दायित्वाची अट, ग्राहकाने तिच्यावर सही केली असल्याने, बंधनकारक मानली. प्रत्यक्ष हानी कितीही असो, भरपाई अटीतील रकमेपुरतीच राहिली. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी सदोष वस्तू परत घेण्यास वा तिची रक्कम परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येणार नाही, असे ठरविले. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम न्याय्यच आहे. फसव्या विक्रेत्यांपासून त्याचे संरक्षण व्हायलाच हवे.

परंतु हे सर्व दुवे एकत्र जोडले असता पुढील चित्र दिसते. ग्राहक नियमाने सुरक्षित, कुरिअर अटीने सुरक्षित, टपालखाते कायद्याने सुरक्षित. उरतो तो विक्रेता. तो मोठा व्यापारी असेल तर शंभर पार्सलांतील चार-दोन फुटींचा खर्च किमतीत मिळवितो. तो पाड्यावरील चित्रकार असेल तर एका फुटीत त्याचे अनेक दिवसांचे श्रम, साहित्य, खोक्याचा खर्च व जाण्या-येण्याचे भाडे एकदम जाते. १९४५ साली गवताच्या गठ्ठ्यामागे मजुरी किती हा प्रश्न होता. आज खोक्यामागे जोखीम कोणाची हा आहे.

संग्राह्य वस्तूंच्या पुनर्विक्रीतही हाच असमतोल आढळतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ५३अ नुसार मूळ चित्राची पुनर्विक्री १०,००० रुपयांहून अधिक किमतीस झाल्यास कलावंताला वा त्याच्या वारसांना किमतीत वाटा मिळण्याचा हक्क आहे. या वाट्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. हा हक्क बजावण्यासाठी कर्तृत्व सिद्ध व्हावे लागते व त्यासाठी स्वाक्षरी, दिनांक, छायाचित्र व पावती यांची नोंद लागते. खोके बंद करतानाच ही नोंद करणे सोयीचे असते. तीच नोंद फुटीच्या दाव्यातही उपयोगी पडते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) वारली चित्राचा आधुनिक इतिहास हा मोठ्या प्रमाणात त्याच्या वहनक्षमतेचा इतिहास आहे. भिंत, कागद, चौकट, नळी व पाकीट हे त्याचे टप्पे होत.

(२) नाजूकपणा हा केवळ वस्तूचा गुण नाही. भिंतीवर सुस्थित असलेले चित्र प्रवासाला निघाल्यावर नाजूक ठरले व त्यानुसार त्याचे द्रव्य बदलले.

(३) विधी घरात राहिला व चित्र बाहेर गेले, या विभाजनात मूळ चित्रकर्त्या सवाशिणींचे श्रेय मागे पडले. मिथिलेच्या उदाहरणावरून हे अटळ नव्हते असे दिसते.

(४) आकारमानावर आधारित भाडे-आकारणीमुळे लहान व सपाट कृतींना अनुकूलता मिळते. भांडी, वाद्ये व मोठी चित्रे यांना प्रतिकूलता येते.

(५) १८६५ पासून २०२० पर्यंतच्या तरतुदी स्वतंत्रपणे पाहता समर्थनीय असल्या, तरी त्यांचा एकत्रित परिणाम लहान कारागिरावर जोखीम केंद्रित करणारा आहे.

या निष्कर्षांवरून काही सूचना करता येतील. डहाणू व तलासरी येथे बचतगट वा सहकारी संस्थांच्या माध्यमातून सामाईक बांधणी-केंद्रे उभारल्यास खोकी, नळ्या व आम्लरहित कागद घाऊक दराने घेता येईल आणि पार्सलांचा एकत्रित विमा उतरविता येईल. एका चित्रकाराचे नुकसान शंभर जणांत वाटले गेले तर ते सोसण्याजोगे होते. चित्रासोबतच्या चिठ्ठीत चित्रकाराबरोबरच, ज्या घरातून व ज्या स्त्रीकडून ती परंपरा त्याच्याकडे आली तिचेही नाव नोंदवावे. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, वाणिज्य व विज्ञान विभागांना या कामी एकत्र येता येईल. नोंदी ठेवणे, हिशेब शिकविणे व बांधणीची साधने तपासणे ही तिन्ही कामे त्यांच्या आवाक्यातील आहेत.

वारली चित्र आता प्रवास थांबविणार नाही आणि त्याने तो थांबवावा असेही कोणी म्हणणार नाही. त्या प्रवासाचा खर्च व धोका यांची वाटणी कशी असावी, हे मात्र अद्याप ठरावयाचे आहे. ते ठरविताना डहाणू-तलासरीतील चित्रकारांचे म्हणणे प्रथम ऐकले गेले पाहिजे.